दोनशे चार

गंगापूर रोड सोडून रिक्षा आत वळली
तेव्हा हे म्हणाले, लांब आहे.
जेल रोडपासून सगळंच लांब, मी म्हटलं,
आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

दर्शना नावाची मुलगी. गळ्यात ओळखपत्र,
पायात आवाज न करणारे बूट.
तिनं आधी कारंजं दाखवलं,
मग डॉक्टरांची खोली, मंगळवार आणि शुक्रवार,
मग देऊळ, ज्यात मूर्ती अजून यायची होती.
प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काका-काकू",
पावतीवर शिक्का मारावा तसं.

ह्यांनी नोटप्रेसमध्ये चौतीस वर्षं
फक्त चुका शोधल्या.
सरकलेला आकडा, फुटलेली शाई, तिरकी कड.
घरी आल्यावरही तो डोळा उतरत नसे;
माझी पोळीसुद्धा उजेडात धरून बघायचे.
आज खिशातून रुपया काढला
आणि एकेक फरशी वाजवत निघाले.
"ही पोकळ आहे. लिहून घ्या."
दर्शनानं लिहून घेतलं.

चौथ्या मजल्यावरून द्राक्षांचे मांडव दिसतात,
आणि हवा स्वच्छ असली तर रामशेज.
त्याचे सहा लाख जास्त.
"डोंगर काय ह्यांनी बांधलाय?"
हे इतक्या मोठ्यानं म्हणाले
की लिफ्टमधला माणूसही हसला.

म्हणून दुसरा मजला. दोनशे चार.
आत अजून कुणाच्या तरी बामचा वास.
"आधीचे काका मुलीकडे गेले, हुबळीला,"
न विचारताच दर्शना म्हणाली.
न्हाणीघरात कमोडशेजारी लाल दोरी.
ह्यांनी ती ओढली.
खाली कुठेतरी घंटा वाजली, जिना धडधडला,
एक पोरगा धापा टाकत दारात.
ह्यांनी घड्याळ बघितलं. एक मिनिट चाळीस.
"ठीक. जेवणाच्या वेळी परत ओढून बघू."

ओट्यावरचं कपाट मी उघडलं.
दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं
दुधाचा हिशेब. अक्षर बारीक, बाईचं.
एक लि., एक लि., एक लि., खाडा,
पाडव्याला दीड.
मग मार्गशीर्षात अक्षर बदललेलं,
मोठं, ओळ सोडून चाललेलं:
अर्धा. अर्धा. अर्धा.

"रंग मारून देऊ, काकू," दर्शना म्हणाली.
हे माझ्या मागे येऊन उभे होते.
चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ दाराला लावून
सगळा हिशेब वाचला.
चूक सापडली नसावी.

मग कधी नव्हे ते भांडलो, तेही परक्या घरात.
मला एकशे दोन हवं होतं, जेवणघराला लागून,
ह्यांना फक्त चहा येतो, तोही उतू जाणारा.
हे म्हणाले, नाही, तळमजल्यावर खिडकी उघडी टाकून
तुला एकटीला झोप लागायची नाही.

दर्शनाचं पेन थांबलं.
मी इकडे, जेवणघरापर्यंतची पावलं मोजून ठेवलेली,
त्यांची पावलं, माझी नव्हेत,
आणि ते इतके दिवस तिकडे
माझ्या खिडकीला कड्या लावत होते.
"एकटीला?" एवढंच मी विचारलं.
त्यांनी चष्मा उतरवला, पुसला,
नंतर पुन्हा पुसला.

अर्जावर पहिलं नाव त्यांनी माझं घातलं.
सुमती. आडनाव जरा कडेला सरकलं.

निघताना म्हणाले, इथवर तोफा ऐकू यायच्या नाहीत.
देवळालीच्या सरावाच्या तोफा,
ज्यांनी आमची फडताळातली भांडी
बेचाळीस वर्षं थरथरवली,
आणि ज्यांना ते रोज शिव्या देत आले.
नाही यायच्या, मी म्हटलं.

दर्शना यादी वाचून दाखवत होती:
नळ, कडी, बाल्कनीचा ओघळ,
दाराजवळची पोकळ फरशी.
ती फरशी राहू दे, मी म्हटलं.
काकू, वाजते ती.
हो. कुणी चाललं की वाजते.